तयार कोर्स की आपल्या मापाचा? रविवारच्या बैठकीआधी एक जुनी गोष्ट

मित्रांनो, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. येत्या रविवारी आपल्या भागातल्या लघुउद्योजक संघटनेच्या बैठकीत ज्या विषयावर हात वर करायचे आहेत, त्याच विषयाबद्दल लिहितोय.

विषय तुम्हाला माहीत आहेच. सभासद कारखान्यांतल्या ऑपरेटर आणि सुपरवायझर लोकांच्या ट्रेनिंगसाठी दोन प्रस्ताव आलेत. एक तयार ऑनलाइन कोर्सचा. व्हिडिओ बघा, शेवटी प्रश्नांची उत्तरं द्या, सर्टिफिकेट घ्या. दुसरा एका सल्लागार कंपनीचा. ते म्हणतात, आम्ही खास तुमच्यासाठी कस्टम प्रोग्रॅम बनवून देऊ. पहिल्याचा खर्च दुसऱ्याच्या पाचव्या हिश्श्याइतकाही नाही. ग्रुपवर आठवडाभर दोन तट पडलेत. एक म्हणतो, "स्वस्त आहे, घेऊन टाका." दुसरा म्हणतो, "रेडीमेड कपडा अंगावर बसत नाही."

मी या धंद्यात सत्तावीस वर्षं काढली. आधी प्रेस शॉपमध्ये, नंतर ट्रेनिंगचं काम बघितलं. म्हणून आधी माझीच एक गोष्ट सांगतो. ती सांगायला मला आनंद होत नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका पार्ट्स बनवणाऱ्या कारखान्यात होतो. नाव सांगत नाही, गरजही नाही. कस्टमर कंपनीचं ऑडिट येणार होतं आणि ट्रेनिंगचं रजिस्टर भरायचं होतं. मी सेफ्टीचा एक तयार संच विकत घेतला. स्लाइड्स छान होत्या, रंगीत चित्रं होती. त्यात दाखवलेली प्रेस नवी कोरी होती. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय चालायची नाही, हात आत गेला तर आपोआप थांबायची. आमच्याकडच्या प्रेस जुन्या, पायाच्या पेडलवर चालणाऱ्या. मी तीन बॅचेस बसवल्या, दोन-दोन तास स्लाइड्स दाखवल्या, सह्या घेतल्या. ऑडिट पास झालं.

दोनेक महिन्यांनी लातूरकडचा एक पोरगा, वीस-एकवीस वर्षांचा, रात्रपाळीत काम करत होता. डायमध्ये जॉब अडकला. स्लाइडमध्ये लिहिलं होतं, आत हात घालण्याआधी मशीन बंद करा. त्याने केलं. मोटार बंद केली आणि हात घातला. पण आमच्या प्रेसचं फ्लायव्हील मोटार बंद केल्यावरही बराच वेळ फिरत राहतं. त्या फिरण्यात एक स्ट्रोक मारण्याइतकी ताकद शिल्लक असते. वाकताना त्याचा पाय पेडलवर पडला. उजव्या हाताची दोन बोटं गेली.

चौकशीत पहिला प्रश्न आला, "ट्रेनिंग झालं होतं का?" रजिस्टर काढलं. झालं होतं. त्याची सही होती, खाली माझीही होती. कागदावर सगळं बरोबर होतं. पोराने शिकवलेलं ऐकलंही होतं. फक्त मी त्याला दुसऱ्याच मशीनबद्दल शिकवलं होतं.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचायला लागलो. तेव्हा कळलं की आपण ज्या पेचात अडकलोय, त्यात एक अख्खा देश अडकला होता.

साल १९४०. जूनमध्ये फ्रान्स पडलं आणि अमेरिकेला कळून चुकलं की आपल्याला शस्त्रं, जहाजं, विमानं प्रचंड प्रमाणात बनवावी लागणार. कारखाने उभे राहतील, पण त्यात काम करणारी कुशल माणसं कुठून आणायची? त्या ऑगस्टमध्ये तिथल्या राष्ट्रीय संरक्षण सल्लागार आयोगाखाली एक छोटा विभाग सुरू झाला. त्याचं नाव ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री, थोडक्यात टीडब्ल्यूआय. प्रमुख होते चॅनिंग डूली, तेल कंपनीतून आलेले. त्यांच्या जोडीला वॉल्टर डिएट्झ, वेस्टर्न इलेक्ट्रिकमधले. म्हणजे प्राध्यापक नव्हेत, कारखान्यांत माणसं शिकवत आलेले लोक.

सुरुवातीला त्यांनी काय केलं? आज आपण ज्याला 'कस्टम' म्हणतो तेच. ज्या कारखान्याला अडचण आहे तिथे अनुभवी माणूस पाठवायचा, त्याने अडचण समजून घ्यायची आणि त्या कारखान्यापुरता उपाय सुचवायचा.

यातलं एक उदाहरण ऐकण्यासारखं आहे. लष्कराच्या दुर्बिणी आणि नेम धरायच्या उपकरणांसाठी भिंगं लागत. भिंगं घासून अचूक करणारे कारागीर मिळेनात, आणि असा कारागीर तयार व्हायला पाच वर्षं लागतात असं सगळे सांगत. टीडब्ल्यूआयची माणसं प्रत्यक्ष कामाच्या जागी जाऊन बसली. उस्ताद कारागीर दिवसभर काय काय करतो ते त्यांनी मांडलं. त्यातली बरीच कामं अशी निघाली की ती करायला उस्ताद लागतच नव्हता, नीट शिकवलं तर नवखा माणूसही ती करू शकत होता. अवघड कामं बाजूला काढली, ती शिकवायची पद्धत बसवली. पाच वर्षांचा काळ सहा महिन्यांवर आला.

हे झालं कस्टमचं यश. पण एका कारखान्यात इतकं लक्ष घालायचं तर देशभरच्या हजारो कारखान्यांना पुरेशी माणसं कुठून आणणार? मागण्यांचा ढीग वाढत गेला. सल्लागार एका ठिकाणाहून सुटेपर्यंत दहा ठिकाणांहून बोलावणं यायचं. शेवटी डूली आणि मंडळींनी ठरवलं की असं दारोदार फिरून युद्ध जिंकता येणार नाही. सगळ्यांना चालेल असं काहीतरी तयार करून द्यायला हवं.

इथे त्यांनी जुनी वही उघडली. पहिल्या महायुद्धात, १९१७ नंतर, अमेरिकेला जहाजबांधणीसाठी एकदम माणसं लागली होती. तेव्हा चार्ल्स अ‍ॅलन नावाच्या शिक्षकाने शिकवण्याच्या चार पायऱ्या बसवल्या होत्या. आधी शिकणाऱ्याची तयारी करा, मग काम दाखवा, मग त्याच्याकडून करून घ्या, मग तपासा. १९१९ साली त्यांचं पुस्तकही आलं. त्या चार पायऱ्या टीडब्ल्यूआयने उचलल्या, कारखान्यांत नेऊन पुन्हा पुन्हा तपासल्या आणि त्यातून एक कोर्स बांधला, जॉब इन्स्ट्रक्शन. म्हणजे काम कसं शिकवावं. पुढे आणखी दोन आले. कामाची पद्धत सुधारण्याचा जॉब मेथड्स आणि माणसांशी वागण्याचा जॉब रिलेशन्स.

हे कोर्स किती 'तयार' होते बघा. प्रत्येक कोर्स दहा तासांचा, दोन-दोन तासांच्या पाच बैठका. एका गटात दहाच्या आसपास माणसं. शिकवणाऱ्याच्या हातात छापील पुस्तिका, त्यात मिनिटांसकट सगळं लिहिलेलं. आठवणीवर विसंबू नका, पुस्तिका समोर ठेवूनच शिकवा, अशी ताकीद होती. देशाच्या एका टोकाच्या जहाज कारखान्यात आणि दुसऱ्या टोकाच्या कापड गिरणीत तीच बैठक, त्याच क्रमाने.

म्हणजे ही सगळी रेडीमेड माळ झाली, असं तुम्ही म्हणाल. मलाही आधी तसंच वाटलं. मग पहिली बैठक कशी चालायची ते नीट वाचलं.

पहिल्या बैठकीत शिक्षक एका माणसाला पुढे बोलवायचा आणि विजेच्या वायरची एक गाठ कशी मारायची ते फक्त तोंडाने सांगायचा. होल्डरमधली वायर ओढली गेली तरी सुटू नये म्हणून इलेक्ट्रिशियन मारतात ती गाठ. समोरच्याला जमायची नाही. मग दुसऱ्याला बोलवून न सांगता नुसती मारून दाखवायचा. त्यालाही जमायची नाही. मग तिसऱ्याला चार पायऱ्यांनी शिकवायचा, आणि त्याला जमायची. सुपरवायझर लोक खजील व्हायचे. नुसतं सांगणं किंवा नुसतं दाखवणं, हेच तर ते रोज करत होते ना!

तयार उदाहरण एवढंच, ती गाठ. दुसऱ्या बैठकीपासून प्रत्येकाने स्वतःच्या खात्यातलं खरं काम आणायचं. कोणी लेथवरचं, कोणी पॅकिंगचं, कोणी वेल्डिंगचं. ते काम आधी कागदावर फोडायचं. डाव्या बाजूला कामाच्या मुख्य पायऱ्या. उजव्या बाजूला त्या पायरीचं मर्म, म्हणजे काय चुकलं तर जॉब वाया जाईल, कशामुळे माणसाला इजा होईल, कुठल्या युक्तीने काम सोपं होईल. मग ते काम गटासमोर एखाद्या नवख्याला शिकवून दाखवायचं. बाकीचे सांगणार, कुठे चुकलं.

आता लक्षात आलं का? कोर्सचा सांगाडा तयार होता, पण आतला मजकूर प्रत्येक कारखान्याचा स्वतःचा होता. आणि तो बाहेरच्या सल्लागाराने नाही, रोज त्या मशीनपाशी उभं राहणाऱ्या माणसाने लिहिलेला होता. सगळ्यांच्या खिशात एक छोटं कार्ड असायचं. त्यावरचा शेवटचा मुद्दा असा की कामगार शिकला नसेल तर दोष शिकवणाऱ्याचा आहे. माझ्या रजिस्टरमध्ये याच्या बरोबर उलटं होतं. पोराने सही केली म्हणजे जबाबदारी त्याची.

माझ्या त्या प्रेसचा कागद मी नंतर स्वतः करून बघितला. 'अडकलेला जॉब काढणे' या एका पायरीसमोर उजव्या बाजूला चार ओळी आल्या. मोटार बंद. फ्लायव्हील पूर्ण थांबेपर्यंत उभं राहा, डोळ्यांनी बघा. पाय पेडलपासून मागे. बोटं नाही, चिमटा. अर्ध्या पानाचा कागद. आमच्या पाळीतल्या कुठल्याही जुन्या ऑपरेटरला विचारलं असतं तर त्याने पाच मिनिटांत सांगितलं असतं. मी विचारलंच नव्हतं.

टीडब्ल्यूआयचा हिशोब बघा. सप्टेंबर १९४५ मध्ये विभाग बंद झाला तोवर सोळा हजारांहून अधिक कारखान्यांतल्या सोळा लाखांहून अधिक माणसांना त्यांनी सर्टिफिकेटं दिली होती. दारोदार फिरून हे कधीच झालं नसतं.

आणखी एक गोष्ट सांगतो, जी फार जणांना माहीत नसते. या तिघांशिवाय एक चौथा कोर्स होता, प्रोग्रॅम डेव्हलपमेंट. तो कारखान्याच्या ट्रेनिंग बघणाऱ्या माणसासाठी. त्यात शिकवायचे की आधी उत्पादनातली नेमकी अडचण शोधा, तिच्यासाठी नेमकी योजना बनवा, ती अमलात आणा आणि निकाल तपासा. म्हणजे आपलं कस्टम ट्रेनिंग आपणच कसं बनवायचं, याचा तयार कोर्स! पहिल्या तिघांच्या मानाने तो फार थोड्या लोकांपर्यंत पोचला.

युद्ध संपल्यावर अमेरिकेत हे सगळं हळूहळू विस्मरणात गेलं. पण जपानने ते उचललं. १९५१ च्या सुमारास अमेरिकेतून प्रशिक्षक तिथे गेले आणि ज्या कंपन्यांनी हे कोर्स घेतले त्यात टोयोटा होती. टोयोटाने काय केलं ते आपल्या कामाचं आहे. काम शिकवायचा कोर्स त्यांनी ठेवला आणि वर्षानुवर्षं चालवला. कामाची पद्धत सुधारायचा कोर्स मात्र त्यांना पुरेना. त्याच्या जागी पुढे त्यांनी स्वतःला हवा तसा दुसरा कोर्स आणला. आधी आहे तसा वापरला, कुठे तोकडा पडतो ते बघितलं, मग बदलला. न वापरताच बदलायला ते बसले नाहीत.

आपल्याकडेही टीडब्ल्यूआय आलं होतं बरं का. पन्नासच्या दशकात आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या मदतीने ते भारतात आलं, कापड गिरण्यांत गेलं, मुंबईत त्याचं केंद्र निघालं. सायनच्या केंद्रीय श्रम संस्थेचं नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकलंय. पण आज मी आपल्या एमआयडीसीतल्या सुपरवायझरना विचारतो, टीडब्ल्यूआय माहीत आहे का? दहातल्या नऊ जणांना नाव माहीत नसतं. फाइव्ह एस, कायझेन, पोका-योके हे जपानी शब्द भिंतीवर रंगवलेले असतात. त्यांच्या पायाशी असलेलं हे साधं शिकवणं मात्र गायब.

आता कोणी म्हणेल, खरं कस्टम ट्रेनिंग कधी कोणी केलंच नाही का? केलंय की, आपल्याच गावात. साठच्या दशकात टेल्को पिंपरीत आली. सुमंत मुळगावकरांनी इथे आधी यंत्रं आणि साधनं बनवण्यावर आणि शिकाऊ मुलं तयार करण्यावर भर दिला. इथून पहिलं व्यावसायिक वाहन बाहेर पडलं ते १९७७ साली. मधली वर्षं त्यांनी माणसं घडवण्यात घातली. तिथे शिकलेली कितीतरी मुलं पुढे बाहेर पडली आणि त्यांनी इथेच वर्कशॉप टाकली. तुमच्यापैकी काही जण त्यातलेच आहात. ते कस्टम होतं. पण त्याला लागतं टाटांसारखं भांडवल आणि तेवढा धीर. तीस माणसांच्या गाळ्याला ते परवडणार आहे का?

म्हणून सल्लागार कंपनीच्या 'कस्टम' शब्दावर मी थोडा सावध आहे. सगळेच तसे नसतात. पण मी पाहिलेल्या कस्टम कोर्सपैकी बऱ्याच ठिकाणी स्लाइडच्या कोपऱ्यातला लोगो बदलला होता, पहिल्या पानावर कंपनीचा फोटो होता आणि बाकी सगळं मागच्या गिऱ्हाइकाचंच होतं. पैसे पाचपट, माल तोच. आणि नुसते व्हिडिओ घेतले तर माझ्या हातून झालं तेच पुन्हा होईल.

मग रविवारी हात कशासाठी वर करायचा? माझं मत सांगतो, पटलं तर बघा.

जे सगळीकडे सारखं आहे ते तयारच घ्या. आग लागली तर काय करायचं, प्रथमोपचार, व्हर्नियर आणि मायक्रोमीटर कसं वाचायचं, ड्रॉइंग कसं वाचायचं. याचे चांगले तयार कोर्स आहेत, स्वस्त आहेत. त्यासाठी सल्लागाराला पैसे देऊ नका. एकच अट, मराठी आणि हिंदीत हवेत. इंग्रजी व्हिडिओ लावून हजेरी घेण्यात अर्थ नाही.

जे तुमच्या मशीनचं, तुमच्या डायचं, तुमच्या केमिकलच्या टाकीचं आहे, ते विकत मिळणार नाही. ते तुमच्या जुन्या ऑपरेटरच्या डोक्यात आहे. ते कागदावर कसं उतरवायचं आणि नवीन माणसाला कसं शिकवायचं, एवढं आपल्या सुपरवायझरना शिकवा. त्यासाठी बाहेरचा माणूस लागला तर जरूर आणा. तो आपल्या शेडमध्ये उभा राहून शिकवणार असेल तरच पैसे द्या.

आणि दोन्ही कंपन्यांना बैठकीत एकच प्रश्न विचारा. "तुमच्या कोर्सच्या शेवटी माझा सुपरवायझर माझ्याच मशीनवरचं एक काम नव्या माणसाला शिकवून दाखवेल का?" उत्तर 'सर्टिफिकेट मिळेल' असं आलं तर पुढे बोलायची गरज नाही.

काही जण म्हणतील, सुपरवायझरला दहा तास कुठून द्यायचे, डिस्पॅच कोण बघणार? बरोबर आहे. पण अमेरिकेने हे युद्धाच्या धामधुमीत केलं, तेव्हा त्यांच्याकडेही वेळ नव्हता. वेळ नव्हता म्हणूनच त्यांनी हे केलं. आणि अपघात झाला की पोलीस, फॅक्टरी इन्स्पेक्टर, हॉस्पिटल, त्या पोराचं घर, यात किती दिवस जातात ते ज्यांच्यावर वेळ आलीय त्यांना विचारा.

तो पोरगा नंतर गावी गेला. काही वर्षांनी एकदा भेटला. किराणा दुकान चालवतो आता. त्याने मला ओळखलं, चहाही पाजला. निघताना म्हणाला, "साहेब, मी बंद केलं होतं मशीन. तुम्ही सांगितल्यासारखंच केलं होतं." तक्रार नव्हती त्याच्या बोलण्यात. मला त्याच्याकडे बघवलं नाही.

रविवारी दहा वाजता भेटू. ज्यांच्याकडे पॉवर प्रेस आहेत त्यांनी येण्याआधी एक काम करा. आपल्या सगळ्यात जुन्या ऑपरेटरला विचारा, "अडकलेला जॉब तू कसा काढतोस?" तो सांगेल ते एका कागदावर लिहा आणि तो कागद घेऊन या. ट्रेनिंगची सुरुवात तिथूनच करू.

मतं वेगळी असतील तर खाली जरूर लिहा. फक्त एक विनंती, कुठल्या कंपनीचं नाव घेऊन भांडू नका.